शंभर एमबीपीएसचा हिशेब

बीएसएनएलचं ‘डेटावन’ ज्यांनी वापरलं, त्यांना रात्री दोनचा गजर आठवत असेल. पाचशे रुपयांच्या घरगुती योजनेत महिन्याला एखाद-दोन जीबी डेटा मिळे. त्यापुढे एमबीच्या हिशेबाने बिल चढे. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजमाप बंद. मग कॉलेजातली मुलं दोनला उठून डाउनलोड लावत आणि पुन्हा पांघरुणात शिरत. आठच्या आत मोडेम बंद करायचं काम लवकर उठणाऱ्या आजोबांकडे असे. एखाद्या दिवशी आजोबा विसरले, की महिनाअखेरीस बिल पाहून घरात महाभारत.

गैरसोयीची असली तरी ती योजना स्वच्छ होती. दिवसा जाळ्यावर गर्दी असते, रात्री ते मोकळं असतं, म्हणून रात्रीचं वापरा, असं कंपनी सरळ सांगत होती. मर्यादा किती, ती कधी लागू आणि ओलांडली तर किती पैसे, हे सगळं आधी कळत होतं. आज घरात शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ आहे, आणि तरी रात्री साडेनऊला सामन्याचं शेवटचं षटक सुरू असताना पडद्यावर चक्र फिरत राहतं. केबलवाल्याला फोन लावला तर उत्तरं ठरलेली: “राउटर एकदा बंद करून चालू करा”, “वरूनच प्रॉब्लेम आहे”, “तुमच्या एरियात फायबर कट झालाय”. यातलं खरं कोणतं, हे घरबसल्या कळायला मार्ग नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीने वेगाला मर्यादा घालणं यात मुळात गैर काही नाही. जाळं सामाईक आहे, तेव्हा मर्यादा राहणारच. गैर आहे ते ती लपवणं, आणि आपण ते खपवून घेणं.

सुरुवात मोजमापापासून करू, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच विरतात. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये विकतात आणि संगणक फाइल मेगाबाइटमध्ये मोजतो. एका बाइटचे आठ बिट. म्हणजे शंभर एमबीपीएसची जोडणी अगदी निर्दोष चालली तरी फाइल सेकंदाला साडेबारा एमबीनेच उतरणार. ‘शंभर सांगितले आणि बारा मिळतात’ ही तक्रार घेऊन भांडायला जाणारा माणूस तिथेच हरतो.

दुसरी गोष्ट वायफायची. राउटर टीव्हीमागच्या कपाटात कोंबलेला, मध्ये जुन्या बांधकामाची जाड भिंत, मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणि त्याच पट्ट्यावर शेजारच्या दहा घरांचे राउटर. अशा वेळी बाहेरून पूर्ण शंभर आले तरी आतल्या खोलीत वीस पोचतात. त्यात कंपनीचा काही दोष नाही. म्हणून वेग तपासायचा तो लॅपटॉपला राउटरची केबल थेट जोडून. तेही जमत नसेल तर निदान राउटरशेजारी उभं राहून, पाच गिगाहर्ट्झवर. तिथेही वेग कमी भरला तरच पुढचं बोलणं.

पुढचं बोलणं म्हणजे जाळ्याची रचना. घरातल्या फायबरच्या डब्याला तंत्रज्ञ ‘ओएनटी’ म्हणतात. त्यावर लाल दिवा लागला की लाइन गेली, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्या डब्यातून निघालेली काचेची तार खांबावरच्या किंवा जिन्यातल्या स्प्लिटरपर्यंत जाते आणि तिथे बत्तीस किंवा चौसष्ट घरांच्या तारा एकाच तारेत मिळतात. सर्वाधिक वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या एका तारेची क्षमता घरांकडे येताना सुमारे अडीच गिगाबिट आणि घरांकडून जाताना सव्वा गिगाबिट. चौसष्ट घरांना प्रत्येकी शंभर एमबीपीएस विकले तर बेरीज होते ६.४ गिगाबिट. अडीच गिगाबिटच्या तारेवर ६.४ गिगाबिटची विक्री. ही फसवणूक वाटते, पण नाही. सोसायटीच्या टाकीचंही असंच असतं. सगळ्यांनी सगळे नळ एकाच क्षणी पूर्ण सोडले तर वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येईल, पण तसं सहसा होत नाही, आणि प्रत्येक घराला स्वतंत्र टाकी बांधायची तर कोणालाच परवडणार नाही. शिवाय समान वाटणी केली तरी प्रत्येक घराच्या वाट्याला ३९ एमबीपीएस येतात, आणि एचडी चित्रपटाला नेटफ्लिक्स पाच एमबीपीएस पुरेसे म्हणतं. गल्लीतल्या तारेवर खरी अडचण क्वचितच येते.

अडचण त्याच्या वर असते. ‘वरून प्रॉब्लेम’ हे केबलवाल्याचं वाक्य पुष्कळदा खरं असतं, फक्त त्या ‘वर’मध्ये तो स्वतःही मोडतो हे तो सांगत नाही. स्थानिक ऑपरेटर मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ ठोक भावाने विकत घेतो आणि किरकोळीने विकतो. त्याचे पाचशे ग्राहक शंभर एमबीपीएसवाले असतील तर त्याने विकलेली बेरीज ५० गिगाबिट. तो घेतो किती? २००९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस हे वाटणीचं प्रमाण सुचवलं होतं. एकास पन्नासने पाचशे घरांसाठी एक गिगाबिट होतो. आता संध्याकाळी पाचशेच्या पाचशे घरांत एकेक एचडी टीव्ही लागला, तर हवेत अडीच गिगाबिट. सूचना आल्या तेव्हा इंटरनेट म्हणजे ईमेल आणि संकेतस्थळं होती. माणूस पान उघडून वाचत बसे आणि तेवढा वेळ तार रिकामी राही. आज टीव्हीच इंटरनेटवर आलाय. तो तारेला उसंत देत नाही, आणि सगळ्यांचा टीव्ही एकाच वेळी लागतो.

यावर उतारा म्हणून गूगल आणि नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले साठवण-सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या आवारातच बसवतात. लोकप्रिय व्हिडिओ मग कॅलिफोर्नियाहून यावा लागत नाही. तो शहरातल्या शहरातून येतो. त्याचा एक गमतीशीर परिणाम होतो. यूट्यूब झकास चालतं, स्पीड टेस्ट शंभर दाखवते, आणि मुलीची परदेशी विद्यापीठाची तासिका मात्र अडकते. स्पीड टेस्टही बहुधा जवळच्या, कधी त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या सर्व्हरशी बोलत असते. गल्लीतल्या गल्लीत गाडी पळवून हमरस्त्याची स्थिती कळत नाही. म्हणून एकच चाचणी पुरेशी नाही: एक नेहमीची, एक नेटफ्लिक्सची ‘फास्ट डॉट कॉम’, आणि जमल्यास सिंगापूर किंवा युरोपातला सर्व्हर निवडून तिसरी. दुपारी चारला एकदा, रात्री साडेनऊला एकदा. ट्रायचं ‘मायस्पीड’ अॅप २०१६पासून आहे. मोबाइलपुरतं तेही चालेल.

कधी कधी दोष खरोखरच कोणाच्याही हातातला नसतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि मुंबई-पुण्यातल्या आयटी कंपन्यांपासून नेटकॅफेपर्यंत सगळे हवालदिल झाले. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हाही आशियातल्या अनेक देशांत वेग मंदावला, त्यात आपणही होतो. अशा दिवसांत केबलवाल्यावर खेकसण्यात अर्थ नसतो.

आता मुद्दाम घातलेल्या मर्यादेकडे येऊ. ठरावीक डेटा संपला की वेग पाडायचा, या व्यवस्थेला कंपन्या ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणतात आणि आपण सगळे ‘एफयूपी’. २०१९च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं तेव्हा ६९९ रुपयांच्या योजनेतला डेटा शंभर-दीडशे जीबीत संपत होता. वर्षभरात, २०२०च्या सप्टेंबरात, योजना ‘खरोखर अनलिमिटेड’ झाल्या आणि बारीक अक्षरांत आकडा आला महिन्याला ३,३०० जीबी. एअरटेलनेही घरगुती फायबरसाठी हाच आकडा धरला. हा पुरेसा आहे का? नेटफ्लिक्सच्या हिशेबाने एचडी चित्रपट तासाला तीन जीबी खातो. म्हणजे ३,३०० जीबीत अकराशे तास होतात, आणि तीस दिवसांच्या महिन्यात तासच मुळी ७२० असतात. साध्या कुटुंबाला ही मर्यादा दिसतही नाही, आणि ती गाठणारा बहुधा घरातून दुकान चालवत असतो. या मर्यादेबद्दल मला कंपन्यांशी भांडण नाही. भांडण आहे ते मर्यादा असलेल्या वस्तूवर अमर्याद असं छापण्याशी.

हवेतून येणाऱ्या घरगुती इंटरनेटचं गणित मात्र वेगळं. जिओएअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी पहिल्या आठ शहरांत आलं, त्यांत मुंबई आणि पुणे होती. त्याची मर्यादा एक हजार जीबी. कारण उघड आहे. फायबरची आणखी एक तार टाकता येते, हवेतल्या लहरी वाढवता येत नाहीत, आणि त्याच लहरींवर रस्त्यावरचे मोबाइलही चालतात. फोर-के टीव्ही तासाला सात जीबी घेतो. एकच टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याचे १,०५० जीबी झाले. ज्या घरात आजी मालिका पाहते, मुलगा गेम उतरवतो आणि सून घरून काम करते, तिथे हा हजाराचा आकडा आधी पाहिला पाहिजे.

मर्यादेनंतर काय, याचे नियम आपल्याकडे आहेत, पण ते ग्राहकाला कोणी सांगत नाही. २७ जुलै २०१२ रोजी ट्रायने कंपन्यांना आदेश दिला: किती डेटापर्यंत किती वेग आणि त्यानंतर किती वेग, हे प्रत्येक योजनेत स्पष्ट सांगा. ऑक्टोबर २०१६मध्ये आणखी पुढे जाऊन ट्रायने बजावलं, की तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली पाडायचा नाही आणि डेटा ५०, ९० व १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला कळवायचं. ५१२ हा आकडा त्या वेळच्या ब्रॉडबँडच्या व्याख्येतला. ही व्याख्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस होती, २०१३मध्ये ५१२ झाली आणि जानेवारी २०२३मध्ये दोन एमबीपीएस. ५१२ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ केबी. व्हॉट्सअॅपचा संदेश जाईल, वीज बिल कसंबसं भरता येईल, व्हिडिओ विसरा. मोबाइलवर तर दिवसाचा डेटा संपला की कित्येक योजना ६४ केबीपीएसवर आणतात. दोन एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांहून अधिक. त्याला इंटरनेट चालू आहे असं म्हणायचं, ही निव्वळ थट्टा आहे.

पण डेटा संपला म्हणून सगळाच वेग कमी होणं एक, आणि तुम्ही काय पाहता हे बघून निवडक वेग दाबणं दुसरं. दुसऱ्याची जगाला शिकवण मिळाली ती अमेरिकेतून. २००७ साली ओरेगॉनमधले रॉब टोपोल्स्की हे संगणक क्षेत्रातले गृहस्थ जुन्या बार्बरशॉप गायकीची, स्वामित्वहक्क संपलेली ध्वनिमुद्रणं बिटटोरेंटवरून लोकांना देत होते. ती जाईनात. त्यांनी जाळ्यावरून वाहणारी पाकिटं उलगडून पाहिली, तेव्हा दिसलं की कॉमकास्ट कंपनी दोन संगणकांच्या मध्ये शिरून, जणू समोरच्यानेच फोन ठेवला असा खोटा निरोप दोघांना पाठवते आणि जोडणी तोडते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबरमध्ये स्वतः चाचणी घेऊन हे खरं ठरवलं. चाचणीसाठी त्यांनी पाठवलेली फाइल बायबलची होती. कंपनी म्हणाली, आम्ही अडवत नाही, फक्त उशीर करतो. १ ऑगस्ट २००८ रोजी तिथल्या नियामकाने, एफसीसीने, कॉमकास्टला दोषी धरलं. कंपनीने मग १ ऑक्टोबरपासून महिन्याला २५० जीबीची उघड मर्यादा लावली. छुपी कात्री गेली आणि छापील आकडा आला. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल चांगला होता, असंच मी म्हणेन. एफसीसीला मात्र २०१०मध्ये न्यायालयाने सांगितलं, की असा आदेश द्यायचा अधिकारच तुम्हाला नाही. तेव्हापासून तिथे हा नियम कधी येतो, कधी जातो. २०१५मध्ये आला, २०१७मध्ये रद्द झाला, २०२४मध्ये पुन्हा आला आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने तोही उडवला.

तिथलाच आणखी एक प्रसंग. २०१८च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनोचा वणवा पेटला होता. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी इंटरनेटवरून यंत्रणांचा समन्वय करत होती. तिचा ‘अनलिमिटेड’ डेटा मर्यादेपलीकडे गेला म्हणून व्हेरायझनने वेग दोनशेव्या हिश्शावर आणला. दलाने विनवण्या केल्या, उत्तर आलं महागडी योजना घ्या. नंतर कंपनीने चूक मान्य केली. आणि एटी अँड टीने ‘अनलिमिटेड’ मोबाइल योजनेतल्या ग्राहकांचा वेग, काहींचा तर दोन जीबीनंतरच, पाडल्याबद्दल २०१९मध्ये सहा कोटी डॉलर देऊन तिथल्या व्यापार आयोगाशी प्रकरण मिटवलं.

आपण या बाबतीत अमेरिकेपेक्षा बरे आहोत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचा बेत केला आणि ओरड होताच गुंडाळला. पुढच्या वर्षी ट्रायने लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणलं, म्हणजे निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकी इंटरनेट पैसे देऊन. त्याच्या प्रचारासाठी मार्क झुकरबर्गने डिसेंबर २०१५मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला आणि दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा, ज्याला हवामान आणि बाजारभाव फुकटात पाहता येतात. गणेशला कोणती संकेतस्थळं दिसावीत हे फेसबुक ठरवणार होतं, हा भाग लेखात फारसा नव्हता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी रामसेवक शर्मा अध्यक्ष असलेल्या ट्रायने संकेतस्थळागणिक वेगळे दर लावायला बंदी घातली. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य करून ती परवान्यांत घातली. गर्दीच्या वेळी वाजवी वाहतूक-नियमन कंपनीला करता येतं, पण एका संकेतस्थळाला झुकतं माप देऊन दुसऱ्याची गळचेपी करता येत नाही.

वाजवी नियमन कसं असतं, हे मार्च २०२०मध्ये दिसलं. टाळेबंदी लागली, सगळा देश घरी बसला, आणि २४ मार्चला देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८० पिक्सेलच्या वर चित्र न दाखवण्याचं ठरवलं. चित्र थोडं धूसर झालं. कारण, मुदत आणि मर्यादा जाहीर होती. फारशी तक्रार झाली नाही.

मग घरच्या ग्राहकाने अपेक्षा काय ठेवावी? शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर रात्री नऊलाही ऐंशीच्या आसपास मिळायला हवेत. ट्रायच्या २००६च्या सेवागुणवत्ता नियमांत कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत ऐंशी टक्क्यांहून अधिक वेगाचा दंडक होताच. कधीतरी साठ मिळाले तर सोडून द्यावं. रोज रात्री दहा-वीस मिळत असतील आणि सकाळी सहाला पूर्ण शंभर, तर ऑपरेटरने वरून घेतलेली बँडविड्थ अपुरी आहे. तुमचा राउटर बदलून, दीडशेची योजना घेऊन किंवा ‘गेमिंग राउटर’ विकत घेऊन ती वाढणार नाही. अशा वेळी वरची योजना घेणं म्हणजे त्याच कोंडीत जास्त भाडं भरणं. जाहिरातीतला वेग पुष्कळदा फक्त उतरवण्याचा असतो. घरून काम करणाऱ्याने चढवण्याचा वेगही विचारावा, कारण बैठकीत तुमचा चेहरा आणि आवाज तिकडूनच जातो. गावाकडच्या घराचा सीसीटीव्ही पुण्यातून पाहायचा असेल तर स्वतंत्र पब्लिक आयपी मिळेल का, हेही आधीच विचारलेलं बरं. बहुतेक ऑपरेटर एकच आयपी अनेक घरांत वाटतात.

तक्रार करायची तर फोनवर आरडाओरडा करून उपयोग नाही. आठवडाभर दोन ठरलेल्या वेळी केबल जोडून घेतलेल्या चाचण्यांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसह, आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक एवढं हाती असलं की बोलण्याचा सूर बदलतो. तिथे दाद लागली नाही तर प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. २०१२च्या नियमांनुसार त्याच्याकडे विनाशुल्क जाता येतं. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रं लिहिण्यात वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि ग्राहक न्यायालय आहेच. तारायंत्र कायद्यामुळे दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, तो मुद्दा निकालात काढला.

दिवाळी म्हणजे ऑफरचे दिवस. वर्षाचे पैसे आगाऊ भरा, दोन महिने फुकट, राउटर मोफत, अशी पत्रकं लिफ्टमध्ये लागतात. घ्या जरूर. फक्त भरण्याआधी ऑपरेटरला व्हॉट्सअॅपवर विचारा: महिन्याची मर्यादा किती जीबी, ती संपल्यावर वेग किती, चढवण्याचा वेग किती आणि रात्री नऊला किमान किती मिळेल. तोंडी नको, लिहून. लिहून देत नसेल तर वर्षाचे पैसे भरू नका. एका महिन्याचे भरा आणि रात्री साडेनऊला केबल जोडून मोजा.